भीति आणि भीड

आयर्लंडच्या पश्चिम भागांत, गॉलवे परगण्यांतील ट्यूअम या गांवापासून थोड्या मैलांवर, नॉकमा नांवाची एक टेकडी आहे. तिची उंची अवघी १६७ मीटर. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या माणसाला या आंकड्याचें हंसूंच यावें. आमच्याकडे एवढ्या उंचवट्याला निराळें नांव देण्याच्या भानगडींतहि कोणी पडत नाहीं. परंतु तो सारा प्रदेश इतका सपाट आहे, कीं दूरच्या रस्त्यावरूनहि हें गर्द झाडीचें टेंगूळ नजरेंत भरतें, आणि चोहोंकडे दगडी बांधांनीं आंखलेलीं गुरांचीं कुरणें असतां येथेंच एवढें रान कसें राहिलें, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

माझी मुलगी व जांवई गॉलवे शहरांत डॉक्टर आहेत. कॉलेजच्या मे महिन्याच्या सुटींत मी त्यांच्याकडे गेलों असतां एका रविवारीं मुलीनें आम्हां आजोबा-नातीला मोटारींतून टेकडीच्या पायथ्याशीं आणून सोडलें, आणि आदल्या रात्रीं तिला रात्रपाळी असल्यामुळें ती स्वतः मोटारींतच डोळे मिटून बसली. वाट रुंद व सोपी आहे. साठीला दोनच वर्षें उणा असलेला मी आणि सहा वर्षांची माझी नात, दोघांनाहि ती सारखीच झेपली.

आरंभीं दोहों बाजूंस बीचचीं उंच झाडें लागतात. हा वृक्ष मूळचा आयर्लंडचा नव्हे. जमीनदारांनीं आपल्या वाड्यांभोंवतीं तो हौसेनें लावला. येथें पायथ्याशीं कर्वन घराण्याचा कॅसल हॅकेट हा वाडा आहे. १९२३ सालीं, यादवीच्या दिवसांत, तो जळाला व पुढें पुन्हां उभा राहिला. तेव्हां रान कसें राहिलें या प्रश्नाचें अर्धें उत्तर साधें आहे: तें एका धन्याचें होतें. कुळांना त्यांतली काटकी उचलण्याचीहि मुभा नसावी, एवढें आपण आपल्याकडील इनामदारांवरून ताडूं शकतों. उरलेलें अर्धें उत्तर मला थोडें वर गेल्यावर मिळालें.

बीचची सांवली संपून हेझल व ॲश यांचें विरळ रान जेथें सुरू होतें, तेथें वाटेच्या कडेला हॉथॉर्नचें एक झाड एकटेंच उभें होतें. आपल्या बोरीच्या नात्यांतलें वाटावें असें तें कांटेरी व वांकडें झाड मे महिन्यांत पांढऱ्या फुलांनीं असें लदबदून जातें, कीं पानें शोधावीं लागतात. आईसाठीं एक डहाळी घ्यावी म्हणून नातीनें हात पुढें केला. मागून एक वृद्ध गृहस्थ कुत्र्याला फिरवीत येत होते. ते थांबले आणि अगदीं सौम्यपणें म्हणाले, "तेवढी राहूं दे, बाळ. त्या झाडाचीं फुलें घरांत नेत नसतात." त्या सुरांत रागावणें नव्हतें. चित्राहुति घालण्यास विसरलेल्या मुलाला घरांतल्या वडिलांनीं आठवण द्यावी, तसा तो सूर होता.

"कुणाचं आहे ते झाड?" नातीनें त्यांना विचारलें.

"त्यांचं," ते म्हणाले, आणि टेकडीच्या माथ्याकडे त्यांनीं नुसती हनुवटी वळविली.

'त्यांचें' म्हणजे कोणाचें, हें मला पुस्तकांवरून ठाऊक होतें. नॉकमाच्या पोटांत कॉनॉट प्रांतींच्या 'चांगल्या लोकांचा' राजा फिनवारा राज्य करतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे रात्रीं सापाचें नांव न घेतां 'लांबडें' म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. ज्याचें भय वाटतें त्याला चांगलें म्हणण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आढळते. फेअरी म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पंखांच्या नाजुक पऱ्या येतात, पण आयर्लंडचे हे लोक आपल्या कोंकणांतील राखणदाराच्या किंवा पाणवठ्यावरील आसरांच्या अधिक जवळचे. ते रुसतात, झपाटतात, माणसें पळवून नेतात. फिनवारानें एका सरदाराची नवी नवरी पळविली, तेव्हां त्या सरदारानें माणसें लावून टेकडी खणावयास घेतली. दिवसभर खणलेला चर रात्रींतून बुजून जाई. अखेर उकरलेल्या मातीवर मीठ टाकल्यावर राजाचें कांहीं चालेना, अशी कथा ऑस्कर वाइल्डच्या आईनें १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संग्रहांत आहे.

पुढें तिबेटी मृतग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीमुळें नांवारूपास आलेल्या इव्हान्स-व्हेन्ट्स या अमेरिकन पंडितानेंहि या टेकडीच्या आसपासच्या समजुती गोळा केल्या होत्या. १९११ सालच्या त्याच्या ग्रंथांत येथील एका म्हाताऱ्याचें म्हणणें नोंदलेलें आहे. १८४६-४७ सालीं बटाट्याचें पीक नासलें, तें चांगल्या लोकांत युद्ध जुंपल्यामुळें. नॉकमावरच्या आकाशांत तें युद्ध आपण व आपल्यासारख्या शेंकडों लोकांनीं पाहिलें, असें तो सांगे. त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच देश सोडून गेलीं. एवढ्या अनर्थाचें खापर फोडावयाला लोकांना ना सरकार दिसलें ना जमीनदार, दिसला तो राजा फिनवारा! पूर्वीं हें वाचतांना मला संताप येत असे.

पण याच समजुतीनें काय राखलें, तेंहि पाहिलें पाहिजे. आयर्लंडभर मातीच्या वर्तुळाकार बांधांचीं जुनीं ठाणीं विखुरलेलीं आहेत. बहुतेक इसवी सन ५०० ते १००० या काळांतलीं; त्यांची संख्या ४० हजारांहून अधिक आहे. वस्तुतः त्या शेतकऱ्यांच्या तटबंद वाड्या. पण पुढल्या लोकांनीं तीं 'चांगल्या लोकांचीं' ठिकाणें मानलीं, आणि मग कोणी त्या वर्तुळांत नांगर घालीना. ज्या देशांत वीतभर जमिनीसाठीं माणसें देशोधडीस लागलीं, त्या देशांत एवढी भूमि कोणत्याहि कायद्याच्या आधाराशिवाय शतकानुशतकें पडीत राहिली. पुढें यंत्रें आलीं, भय ओसरलें, आणि पुष्कळ वर्तुळें एकेका सकाळींत सपाट झालीं.

हॉथॉर्नच्या एकट्या झाडाचीहि हीच कथा. क्लेअर परगण्यांत लाटून येथें १९९९ सालीं हमरस्त्याच्या आंखणींत असें एक झाड आलें. एडी लेनिहन नांवाच्या कथेकऱ्यानें वर्तमानपत्रांतून इशारा दिला, कीं हें झाड चांगल्या लोकांच्या जमण्याची जागा आहे, तें तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. इंजिनिअरांनीं रस्त्याचा बेत बदलून झाड राखलें! मोठी मौजेची गोष्ट अशी, कीं २००२ सालीं कोणीं एकानें रात्रीं येऊन यांत्रिक करवतीनें त्याच्या सगळ्या फांद्या छाटल्या, आणि बुंधा पुन्हां फुटला. त्या इंजिनिअरांपैकीं किती जणांचा फिनवारावर विश्वास होता हें सांगवत नाहीं. त्या करवतवाल्याला मात्र मी चांगला ओळखतों. कारण तारुण्यांत मी तोच होतों.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील गांवीं एक देवराई होती. माधव गाडगीळ व वर्तक या शास्त्रज्ञांनीं पश्चिम घाटांतील देवरायांवर १९७६ सालीं लिहिलेला निबंध मीं फार उशीरां वाचला. त्या वेळीं मला आगरकर तेवढे तोंडपाठ होते. १९९३ साल असावें. मी सव्विशींतला, नुकताच कॉलेजांत लागलेला. गांवच्या शाळेचें छप्पर पावसानें बसलें होतें व मुलें देवळाच्या ओसरीवर शिकत होतीं. एक लांकडाचा ठेकेदार देवराईचे रोख पैसे मोजावयास तयार होता. गुरवानें कौल लावला, तो उजवा मिळाला नाहीं. गांवकी बसली. माझे चुलते म्हणाले, "राईंत हात घालूं नये." कां, असें मीं विचारलें. "घालूं नये म्हणून घालूं नये."

मग मी उभा राहिलों आणि अर्धा तास बोललों. राईंत कोणी राहत नाहीं; राहत असेलच, तर मुलांच्या डोक्यावर छप्पर आल्याचा त्याला राग कां यावा? माझें बोलणें बिनतोड होतें. आजहि तें मला खोडतां येत नाहीं. त्या हिंवाळ्यांत ऐन, किंजळ, सातवीण सगळे आडवे झाले. शाळेला छप्पर आलें. त्याखालीं शिकलेलीं कांहीं मुलें आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत, आणि हें मी माझ्या समाधानासाठीं लिहीत नाहीं, तें खरेंच आहे. राईखालचा झरा पूर्वीं वैशाखअखेरपर्यंत वाहत असे, तो चार-पांच वर्षांत होळीलाच आटूं लागला, हेंहि खरें आहे. चुलते त्यानंतर दहा वर्षें हयात होते. त्यांनीं मला कधीं बोल लावला नाहीं. बैठक उठतांना "तूं शिकलेला आहेस, बाबा," एवढेंच ते म्हणाले होते.

भयानें पाळलेल्या संयमाला नैतिक मोल आहे काय? कांटचा विद्यार्थी ताबडतोब 'नाहीं' म्हणेल. शिक्षेच्या भयानें चोरी न करणारा माणूस साधु नव्हे, हें आपणहि मानतों. परंतु हा निकाल लावतांना आपण कर्त्याच्या अंतःकरणाकडेच पाहत असतों. राईच्या बाजूनें कोणी विचारलें, तर तिला आपला राखणारा साधु आहे कीं भित्रा, याच्याशीं काय कर्तव्य? आणि बुद्धीनें राखलेल्या वस्तूला एक धोका असतो, तो मला त्या बैठकींत कळला नाहीं. कारण सांगितलें, कीं त्याची दुसऱ्या कारणाशीं तुलना सुरू होते. चुलत्यांनीं 'झरा आटेल' असें कारण दिलें असतें, तर मी 'विहीर खणूं' म्हणालों असतों. ज्याला कारण आहे त्याला किंमत आहे, आणि ज्याला किंमत आहे त्याला कधीं ना कधीं गिऱ्हाईक भेटतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं आयर्लंडांत शेंकडा एक-दीड भूमीवरच रान उरलें होतें. आज तें शेंकडा अकराच्या वर गेलें आहे. हें बुद्धीचें काम, आणि मोठें काम. पण त्यांतील पुष्कळसें रान अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून आणलेल्या सिट्का स्प्रूसचें आहे: ओळींनीं लावावें, तीस-चाळीस वर्षांनीं सरसकट कापावें, पुन्हां लावावें. हिशेबानें लावलेलें झाड हिशेब पुरा होतांच पडतें.

मग भयालाच नमस्कार करावा कीं काय? असें मनांत येऊं लागलें, कीं मी ब्रिजेट क्लीरीची आठवण करतों. टिपरेरी परगण्यांतील बॅलीव्हाडली या खेड्यांत ही सव्वीस वर्षांची बाई राहत होती. शिवणकाम करी, कोंबड्या पाळी, चार पैसे राखून असे. १८९५ सालच्या मार्चमध्यें ती आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, चांगल्या लोकांनीं तिला नेऊन तिच्या जागीं दुसरी कोणी ठेवली आहे, असें तिच्या नवऱ्यानें घेतलें. त्यानें नातलगांच्या देखत तिला छळलें, जाळलें, आणि मग जवळच्या एका जुन्या ठाण्यापाशीं तो रात्रीं जाऊन बसला, कीं खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल! न्यायालयानें त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. नॉकमावरचें तें पांढरें झाड ज्या समजुतीनें राखलें, त्याच समजुतीनें ही बाई जाळली. झाड घ्यावें आणि बाई सोडून द्यावी, अशी निवड आपल्याला करतां येत नाहीं.

कांहीं सुशिक्षित लोक यांतून एक वाट काढतात. आपण मानूं नये, पण अडाणी लोकांच्या समजुती मोडूं नयेत. त्या उपयोगी असतात, असें ते म्हणतात. प्लेटोनेंहि आपल्या नगरीसाठीं एक सोयीचें असत्य योजून ठेवलें होतें. मला ही वाट पसंत नाहीं. जें मी स्वतः खोटें समजतों तें दुसऱ्यानें खरें समजावें अशी इच्छा करणें म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा न मानणें होय. माझ्या चुलत्यांशीं मी अर्धा तास वाद घातला, यांत निदान एवढा तरी मान होता.

हे विचार डोक्यांत घोळत असतां आम्ही माथ्यावर पोंचलों. ते गृहस्थ आमच्याबरोबरच चालत होते. माथ्यावर दगडांच्या प्राचीन राशी आहेत. त्यांपैकीं एकीखालीं केसर नांवाची, महाप्रलयापूर्वीं या बेटावर उतरलेली स्त्री पुरलेली आहे, असें सांगतात. पश्चिमेकडे लॉक कॉरिब सरोवराचें पाणी चमकत होतें. नात दगडांवर चढली, आणि मीं धीर करून त्यांना विचारलें, "तुमचा खरोखर विश्वास आहे?"

त्यांना प्रश्न थोडा विचित्र वाटलासें दिसलें. ते म्हणाले, कीं आपल्या शेताच्या मधोमध असेंच एक झाड आहे. दर वर्षीं ट्रॅक्टर त्याला वळसा घालून न्यावा लागतो. वेळ जातो, चार हात जमीन जाते. वडील तसेंच करीत, आजोबा घोडे वळवीत. "विश्वास आहे कीं नाहीं, याचा मीं विचार केलेला नाहीं," ते म्हणाले. "आजवर कोणीं तोडलें नाहीं. मग मीच कां तोडावें?"

हें उत्तर म्हणजे चुलत्यांचें 'घालूं नये म्हणून घालूं नये' हेंच होय, आणि तरीहि त्यांत भय मला कोठें दिसलें नाहीं. आपल्या भाषेंत एक शब्द आहे, भीड. भीति आणि भीड या दोहोंत फार अंतर आहे. भीति आपल्यापेक्षां बलवानाची वाटते. भीड दुबळ्याचीहि वाटूं शकते. समोरचा माणूस आपलें कांहीं वांकडें करूं शकत नाहीं हें पुरतें ठाऊक असूनहि आपला हात मागें राहतो, ती भीड. मेलेल्या वडिलांची भीड असते, भाड्याच्या घरांत पूर्वींच्या बिऱ्हाडानें लावलेल्या तुळशीची असते. आणि माझ्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाचें म्हणजे, भीति हात आंवरते तशी हात उगारावयासहि लावते. ब्रिजेटचा नवरा भ्यालेला होता. भिडेनें कोणीं कोणाला जाळल्याचें मला आठवत नाहीं. तिला 'नको' एवढेंच म्हणतां येतें.

येथें थांबतां आलें असतें तर बरें झालें असतें. पण भीड ही भिकेची बहीण, हेंहि आपणच म्हणतों. वडिलांच्या भिडेनें किती मुलींचीं शिक्षणें राहिलीं, जातगंगेच्या भिडेनें कितींनीं डोळ्यांदेखत अन्याय पोटांत घातला, याचा हिशेब आगरकरांनीं मांडून ठेवला आहे. आमच्या देवराईंतहि पाळीच्या दिवसांत बायकांना पाऊल टाकतां येत नसे. राई तुटली तेव्हां माझ्या एका चुलत बहिणीला मनांतून बरें वाटलें होतें, हें तिनें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. भीड झाडाची धरावी आणि माणसाची धरूं नये, असें सूत्र करावें, तर तें त्या वृद्ध गृहस्थांच्या बाबतींत लागू पडत नाहीं. त्यांची भीड झाडाची कीं बापाची, हें त्यांनाहि सांगतां आलें नसतें. एवढें मात्र मला वाटतें, कीं त्या बैठकींत माझ्यापाशीं बुद्धि पुरेशी होती, भीड नव्हती. माझ्यापाशीं ती असती, तर कदाचित् मीं छपरासाठीं दुसरीकडे चार दारें आधीं ठोठावलीं असतीं. शाळा उघडीच राहिली असती, असेंहि झालें असतें.

उतरतांना त्या गृहस्थांनीं वरच्या ॲशच्या झाडांकडे बोट दाखविलें. पुष्कळांचे शेंडे वाळलेले होते. आशियांतून आलेल्या एका बुरशीचा हा रोग आयर्लंडांत २०१२ सालीं प्रथम आढळला. बाहेरून मागविलेल्या रोपांबरोबर तो आला. त्यांच्या आवडत्या हर्लिंग खेळाची काठी याच लांकडाची करतात. "याच्यावर 'त्यांचा'हि इलाज नाहीं," ते म्हणाले, आणि फांट्यापाशीं टोपीला हात लावून दुसऱ्या वाटेनें गेले.

पांढऱ्या फुलांच्या झाडापाशीं नात पुन्हां उभी राहिली.

"आजोबा, तिथं खरंच कुणी राहतं का?"

"नाहीं," मीं म्हटलें. तिच्याशीं खोटें बोलणें मला शक्य नव्हतें.

"मग घेऊं एक?"

"नको."

"का? ते आजोबा रागावतील?"

"ते गेले. आणि ते रागावणारे नव्हतेच."

तिनें थोडा वेळ विचार केला. "मग त्यांना वाईट वाटेल?"

"त्यांना कळणारसुद्धां नाहीं," मीं म्हटलें.

तिनें झाडाकडे पाहिलें, मग रिकाम्या वाटेकडे पाहिलें. खालीं पडलेल्या चार पाकळ्या वेंचून तिनें मुठींत घेतल्या, आणि "या चालतील ना?" असें विचारलें, तें मला नव्हे. पाऊस भुरभुरूं लागला होता. आम्ही मोटारीकडे निघालों.